पोटऱ्या आणि काळीज

भाषाविज्ञानाच्या तासाला अर्थांतराचे उदाहरण म्हणून मी गेली वीसेक वर्षे ‘काळीज’ हा शब्द फळ्यावर लिहीत आलो आहे. संस्कृतातील ‘कालेय’ म्हणजे यकृत. हिंदीतला ‘कलेजा’ आणि खाटकाच्या दुकानातली ‘कलेजी’ ही त्याचीच भावंडे. मराठीने मात्र हा अवयव उजव्या बरगड्यांखालून अलगद उचलला आणि छातीत डावीकडे नेऊन ठेवला. आता काळीज तुटते, पिळवटते, त्याचे पाणी होते, त्याला घरे पडतात; आणि या साऱ्या व्यवहारात मूळच्या अवयवाची आठवण कुणाला राहत नाही. ‘यकृत’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘येकुर’शी आणि ग्रीकमधल्या ‘हेपार’शी थेट रक्ताचे नाते सांगणारा, पण तो बिचारा पाठ्यपुस्तकात अडकून पडला. मुले एवढे वहीत उतरवून घेतात आणि आम्ही पुढच्या उदाहरणाकडे वळतो.

२०२२ च्या पावसाळ्यात कमरेत कळ आली म्हणून दौंडमध्ये सोनोग्राफी केली. मुतखडा किरकोळ निघाला. पण अहवालात खाली आणखी एक ओळ होती: फॅटी लिव्हर, ग्रेड दोन. डॉक्टरांनी आधी अहवालाकडे, मग माझ्याकडे पाहिले. माझे वजन अठ्ठावन्न किलो. शाळेपासून मला ‘काडी’ म्हणत. त्यांनी आवाज थोडा खाली आणून विचारले, ‘‘घेता का?’’ घरात तीन पिढ्यांची तुळशीची माळ. दारूच काय, कलेजीसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलेली नाही. तसे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘मग चाला. रोज पाऊण तास, अंगाला घाम येईल असं. पाय चालले की लिव्हरला कळतं.’’

बाहेर आल्यावर मी त्या शेवटच्या वाक्यापाशी अडलो. लिव्हरला कळते म्हणजे काय? पोटरीत काही घडते आणि ते हातभर वर, बरगड्यांखाली ‘कळते’, कोणत्या भाषेत? जन्मभर कवितेतल्या ‘कळणे’ आणि ‘समजणे’ यांतला फरक शिकवणाऱ्या माणसाला असे प्रश्न पडतात, त्याला इलाज नाही.

फॅटी लिव्हरच्या नावाची एक छोटी कथा इथेच सांगून टाकतो. यकृतात पाच टक्क्यांहून अधिक चरबी साठली की तिला विकाराचा दर्जा मिळतो. दारू न पिणाऱ्यांच्या या विकाराला वर्षानुवर्षे ‘नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर’ म्हणत. म्हणजे नकार देतानाही दारूचे नाव घ्यायचेच. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी सहमतीने ते नाव बदलले, आणि त्यातून दारूही गेली आणि ‘फॅटी’ हा हिणवणारा शब्दही. नवे नाव इतके लांब आहे की ते दौंडच्या बाजारात कुणी उच्चारणार नाही. आमच्या भावकीत तर ‘लिव्हर’ म्हटले की अजूनही माणसे एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहतात, आणि मी महिनाभर अहवाल कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

मग वाचत गेलो. दंडाच्या फुगलेल्या स्नायूला मराठीत बेडकुळी म्हणतात. कातडीखाली बेडूक बसल्यासारखा दिसतो म्हणून. लॅटिनने त्याच जागी उंदराचे पिल्लू पाहिले आणि इंग्रजीतला ‘मसल’ तिथून आला. (खुद्द ‘स्नायू’ या शब्दाचीही गंमत आहे. सुश्रुतसंहितेत तो बंधनाच्या अर्थी येतो, मांसाच्या गोळ्याला तिथे ‘पेशी’ म्हटले आहे. आपण दोन्हींची अदलाबदल करून मोकळे झालो.) पण शास्त्राच्या इतिहासाला मराठीची उपमा अधिक मानवते. स्नायूविषयी पहिल्यांदा जे नीट कळले ते बेडकाच्या पायांवरूनच. १९०७ मध्ये केंब्रिजला फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे सुटे स्नायू घेऊन, ते आकुंचन पावताना त्यांत लॅक्टिक आम्ल साठते हे दाखवले. पुढे ओटो मायरहोफ यांनी या आम्लाचा आणि साखरेचा जमाखर्च मांडला आणि त्यांना नोबेल मिळाले. प्रयोग चोख होते, पण भांड्यातल्या त्या स्नायूला यकृत नव्हते. तो एकटा होता. त्यामुळे लॅक्टिक आम्ल म्हणजे थकलेल्या स्नायूत साचणारा मळ, अशी त्याची जी ख्याती झाली ती आजही व्यायामशाळेतून ऐकू येते.

स्नायूला त्याचे यकृत परत मिळवून दिले ते कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने. मूळच्या प्रागच्या आणि पुढे अमेरिकेत गेलेल्या या दोघांनी १९२९ मध्ये एक वर्तुळ मांडले. कष्ट करणारा स्नायू आपल्याजवळची साखर अर्धवट मोडतो आणि लॅक्टिक आम्ल रक्तात सोडतो. यकृत ते उचलते, पुन्हा त्याची साखर घडवते आणि रक्तातून स्नायूकडे रवाना करते. एकाचा टाकलेला माल हा दुसऱ्याचा कच्चा माल. १९४७ मध्ये या दोघांनाही नोबेल मिळाले. अमिनो आम्लांपैकी ॲलनिनचीही अशीच एक फेरी चालते, हे नंतर कळले.

माझ्यासारख्याला यात लाख मोलाची गोष्ट वेगळीच होती. साखर पुन्हा घडवणे हे यकृताला फुकट पडत नाही. त्याला इंधन लागते, आणि ते इंधन मुख्यतः चरबी जाळूनच मिळते. चालणाऱ्या माणसाच्या रक्तात इन्सुलिन उतरते, ग्लुकागॉन चढते, यकृत साखर घडवायच्या कामाला लागते आणि त्या भट्टीत चरबी जाते. पोटरीने यकृताला चरबीविषयी काहीही ‘सांगितलेले’ नसते. तिने फक्त काम केले, थोडा माल पाठवला आणि थोडा मागितला.

‘सांगणे’ ही कल्पना मात्र शास्त्रज्ञांनाही सोडवत नाही. १९६१ मध्ये गोल्डस्टीन या अमेरिकन संशोधकाने असा अंदाज मांडला की काम करणाऱ्या स्नायूतून रक्तात असे काही सुटते जे शरीरात इतरत्र परिणाम घडवते. हे ‘काही’ पुढची चाळीस वर्षे निनावीच राहिले. २००० मध्ये कोपनहेगनला बेंटे पेडरसन यांच्या गटाने दाखवले की काम करणाऱ्या पायातून इंटरल्यूकिन-६ नावाचा रेणू रक्तात येतो. हे पात्र वाचकांना ताप आणि दाह यांच्या प्रकरणात खलनायक म्हणून ठाऊक असते. इथे मात्र ते कष्टाचा दूत म्हणून येते, यकृताला साखर सोडायला आणि चरबीच्या साठ्यांना आपला माल मोकळा करायला मदत करते. शब्द तोच, संदर्भ बदलला की अर्थ उलटा; आमच्या वर्गात हे सांगायला अर्धा तास लागतो. अशा दूतांना पेडरसन यांनी ‘मायोकाइन’ हे नाव दिले. २०१९ मध्ये याच शहरात एक फार नेटका प्रयोग झाला: पोट सुटलेल्या माणसांना बारा आठवडे सायकल चालवायला लावले आणि त्यांतल्या काहींना इंटरल्यूकिन-६ ची वाट अडवणारे, संधिवातावर वापरतात ते टॉसिलिझुमॅब दिले. ज्यांची वाट मोकळी होती त्यांची पोटातली चरबी घटली. ज्यांची अडवली होती त्यांची घटली नाही. पोटातल्या त्या चरबीचे रक्त थेट यकृताकडे जाते, म्हणून ही बाब आपल्या विषयाच्या अगदी दाराशी येते.

आणखी एका दूताची कहाणी साहित्याच्या माणसाला मोह पाडणारी आहे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने व्यायामाने स्नायूतून सुटणारा एक रेणू जाहीर केला आणि त्याला आयरिसिन हे नाव दिले. आयरिस ही ग्रीकांची देवदूती, इंद्रधनुष्यावरून निरोप घेऊन उतरणारी. प्रयोगशाळेत दूतकाव्य लिहिले जात आहे असेच मला वाचताना वाटले. पण नाव इतके सुंदर ठेवल्यावर देवीला रक्तात प्रत्यक्ष गाठणे कठीण गेले. तिला ओळखण्याची साधने खोटी साक्ष देतात, असे आक्षेप आले. २०१५ मध्ये अधिक काटेकोर मोजणीने ती माणसाच्या रक्तात सापडल्याचे तिच्या शोधकांनी दाखवले, तरी ती माणसात किती आणि काय करते यावरचा वाद मिटलेला नाही. संवाद एकतर्फी नसतो हेही खरे. व्यायामानंतर यकृत स्वतःचे दूत सोडते. फॉलिस्टॅटिन आणि एफजीएफ-२१ ही त्यांतली दोन नावे.

हे सारे वाचल्यावर माझे मत बनले ते असे. निरोप असतात, आणि ते खरे असतात. पण पोटरी आणि काळीज यांच्यात जे मुख्यत्वे चालते ते निरोपाचे नाही, देवघेवीचे आहे, गावगाड्यातल्या बलुत्यासारखे. सुताराने शेतकऱ्याला पत्र लिहिले नाही; त्याने नांगर नीट केला आणि खळ्यावर जाऊन आपले पसा-दोन पसा धान्य उचलले. त्याने धान्य उचलले नाही तर ते खळ्यावरच पडून राहील.

ही धान्याची उपमा मी हौसेने योजलेली नाही. येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने २००७ मध्ये नेमके हेच पाहिले. तरुण, सडपातळ, वरवर धडधाकट अशी माणसे; त्यांतल्या काहींचे स्नायू इन्सुलिनला दाद देणारे, काहींचे न देणारे. दोघांनाही साखरेने भरलेले सारखेच जेवण दिले. पहिल्यांच्या स्नायूंनी साखर उचलून आपल्या कणगीत भरली. दुसऱ्यांच्या स्नायूंनी ती उचलली नाही. ती यकृताकडे वळली आणि यकृताने नाइलाजाने तिची चरबी केली, दुपटीहून अधिक. २०११ मध्ये त्याच गटाने अशाच सुस्त स्नायूंच्या तरुणांना जेवणापूर्वी फक्त पंचेचाळीस मिनिटे व्यायाम करायला लावला. एकदाच. स्नायूंनी साखर उचलली आणि यकृतात नव्याने होणारी चरबी सुमारे एक-तृतीयांशाने उतरली. सिडनीत २००९ साली झालेल्या एका प्रयोगात चार आठवडे सायकल चालवणाऱ्या लठ्ठ माणसांचे वजन हलले नाही, पण यकृतातली चरबी सुमारे पाचव्या हिश्श्याने गेली. काट्याला जे कळले नाही ते काळजाला कळले होते.

माझे वडील, अण्णा, रेल्वेत गँगमन होते आणि पुढे कीमन झाले. दौंडच्या बाजूला रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून कित्येक किलोमीटर रूळ पायी तपासायचे. सैल झालेली चावी दिसली की ठोकायची, पुढे चालायचे. जेवणात भाकरी, आमटी, आणि रात्री साखर घातलेला दोन वाट्या भात हा त्यांचा एकमेव षौक. निवृत्तीपर्यंत त्यांच्या रक्तात काही सापडले नाही. निवृत्तीनंतर त्यांनी दारातल्या खुर्चीत बैठक मारली, ‘‘आयुष्यभर लई चाललो’’ म्हणाले. आणि भात तेवढाच राहिला. तिसऱ्या वर्षी त्यांना साखर निघाली. कोपनहेगनच्याच एका प्रयोगात, २००८ मध्ये, दहा निरोगी तरुणांना रोजच्या दहा हजार पावलांवरून तेराशेच्या आसपास आणून ठेवले होते. दोनच आठवड्यांत त्यांच्या पोटातली चरबी सात टक्क्यांनी वाढली आणि साखर पचवायला पूर्वीपेक्षा अधिक इन्सुलिन लागू लागले. अण्णांच्या खुर्चीचा प्रयोग अकरा वर्षे चालला. त्याची नोंद घेणारा कुणी नव्हता. मी होतो, पण मी सकाळच्या गाडीने पुण्याला कॉलेजला जात होतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत येत होतो, दोन्ही वेळा बसून.

तरीही माझ्या बाबतीत एक हिशेब जुळत नव्हता. अण्णांना साठीनंतर जे झाले ते मला पन्नाशीच्या आत का व्हावे? येलच्याच एका अभ्यासात, २००६ मध्ये, सडपातळ भारतीय पुरुषांच्या यकृतात तितक्याच सडपातळ गोऱ्या पुरुषांच्या दुप्पट चरबी आढळली होती. आणि याचे उत्तर शोधायला मला फार दूर जावे लागले नाही. ते आमच्या जिल्ह्यातच होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. केईएमचा ग्रामीण भागाशी संबंध जुना. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला त्यांचे रुग्णालय आहे. त्या बायका सरासरी बेचाळीस किलोंच्या होत्या. त्यांच्या मुलांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या मुलांचे साडेतीन. पण याज्ञिक आणि त्यांचे सहकारी वजनावर थांबले नाहीत. त्यांनी दंडाचा घेर मोजला, पोटाचा मोजला, खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यात धरून मोजली. आमच्या मुलांचे दंड बारीक होते, म्हणजे स्नायू कमी. पोटातले अवयव लहान. आणि चरबी? ती जवळजवळ शाबूत. इतक्या हलाखीत गर्भाने स्नायू सोडून दिले आणि चरबी राखली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मुलाला इंग्रजीत ‘थिन-फॅट’ हे नाव मिळाले. ‘बारीक पण चरबीदार’ असे त्याचे मराठी करता येईल, पण ते विनोदी वाटते, आणि गोष्ट विनोदी नाही. विनोद याज्ञिकांनी स्वतःवर केला. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्यांचा आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापला. दोघांचाही उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक नेमका २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

मी १९७३ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी जन्मलो, शिरूर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी. अण्णांची रेल्वेतली नोकरी त्यानंतरची. तिच्यामुळे आम्ही भीमा ओलांडून दौंडला आलो. म्हणजे मी पोटात होतो तो ७२ च्या दुष्काळात. आई त्या वेळी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. मिलोची तांबडी भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, आणि दिवसभर हातोडा. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरातली ती शौर्यकथा होती. आई ती सांगताना हाताचा तळवा पुढे करायची, घट्टे दाखवायला.

आणि मी, काहीतरी सापडल्याच्या आनंदात, तिला हे सारे समजावून सांगितले. ती तांदुळजा निवडत होती. मी दंडाचा घेर सांगितला, गर्भाची निवड सांगितली, मग स्नायू कमी म्हणून साखर उचलणारे कमी आणि म्हणून ती यकृताकडे, असे वर्गात सांगतो तसे पायरी-पायरीने सांगितले. तिने भाजी खाली ठेवली.

‘‘म्हंजी माझ्यामुळं का रं?’’

मी घाईने नाही-नाही म्हणालो. ती म्हणाली, ‘‘खडी फोडायला गेले नसते तर तुझ्या आज्जीला न् मला खायाला काय हुतं?’’ आणि मग गप्प झाली. दोन दिवसांनी तिला बहिणीशी फोनवर बोलताना ऐकले. ‘‘माझ्या पोटातच त्याचं काळीज बिघडलं गं,’’ असे ती सांगत होती.

मी वीस वर्षे फळ्यावर लिहीत आलेला लोप पावलेला अर्थ माझ्या आईच्या तोंडी साबूत होता. तिला ‘लिव्हर’ म्हटलेले कळत होते ते काळीज म्हणूनच. आणि त्या एका वाक्यात दोन्ही अर्थ, उजवीकडचा आणि डावीकडचा, एकदमच आले होते. मला तेव्हा व्युत्पत्ती सुचली याची आज लाज वाटते.

त्या संशोधनाचा मी केलेला उपयोग चुकीचा होता, हे मला सावकाश कळले. मी त्याची निरोपाची गोष्ट केली होती: आईच्या पोटातून पत्र निघाले, पन्नास वर्षांनी पोचले, आत वाईट बातमी. मूळ निबंधांत असे कुणी कुणाला दोषी धरलेले नाही. उलट त्याच अभ्यासात दिसले होते की ज्या बायकांच्या जेवणात पालेभाज्या, दूध, फळे अधिक होती त्यांची मुले जरा भारी होती. आणि ज्यांच्या वाट्याला गरोदरपणी शेतातले, पाण्याचे, घरातले काम अधिक होते त्यांची मुले हलकी. म्हणजे प्रश्न पोटाचा होताच, पण धान्याचा आणि हंड्याचाही होता, आणि त्या वर्षी शिरूरच्या आभाळाचाही.

इथे एक गाठ आहे, ती मला सुटलेली नाही. मी ज्या देवघेवीचे कौतुक करतो आहे ती आईच्या शरीरातही चालूच होती, किंबहुना अखंड. तिच्या दंडांनी दिवसभर मागितले आणि तिच्या काळजाने दिवसभर दिले. पण खळ्यावर धान्यच नव्हते, आणि मागणारे दोन होते. ‘व्यायाम’ हा शब्द कामानंतर जेवण आणि जेवणानंतर झोप ज्यांना ठरलेली असते त्यांचा आहे. दौंडच्या रस्त्यावर पहाटे राज्य राखीव पोलीस दलाचे जवान रांगेने पळतात. त्याच रस्त्याने हंगामात ऊसतोडीच्या बैलगाड्या जातात, वर बसलेल्या बायकांपैकी एखादी अवघडलेली असते. स्नायूचे आकुंचन दोन्हीकडे एकच. शरीरशास्त्राच्या पुस्तकात त्यांना वेगळे शब्द नाहीत. तोडणीवाल्या बाईला कुणी ‘चाला’ असे सांगत नाही एवढा तरी विवेक आपल्यात शिल्लक आहे.

मी चालू लागलो, ते याच सुमारास. आधी स्टेशनपर्यंत, मग नदीच्या पुलापर्यंत. येलचा तो पंचेचाळीस मिनिटांचा प्रयोग माझ्या मनात घर करून होता, कारण त्यात एक दिलासा आणि एक जाच दोन्ही होते. दिलासा असा की स्नायू जन्मतः थोडे असोत, जे आहेत ते कामाला लागले तर त्याच दिवशीच्या जेवणाचा हिशेब बदलतो. जाच असा की तो पुढे फार टिकत नाही. दोन-तीन दिवसांत स्नायू पुन्हा पूर्वीसारखे सुस्तावतात आणि सारे नव्याने करावे लागते. पत्र एकदा पोचले की पोचले. बलुते तसे नसते, दर सुगीला जावे लागते.

२०२४ च्या वारीत तुकोबांच्या पालखीबरोबर मी लोणी काळभोर ते यवत हा टप्पा चाललो. आई पूर्वी हा सगळा रस्ता पंढरपूरपर्यंत चालत असे. आता गुडघे साथ देत नाहीत. उरुळी कांचनपर्यंत मी पोटऱ्यांचा विचार करत होतो: आता साखर संपत आली असेल, आता चरबी सुटू लागली असेल, आता काळीज भट्टी पेटवून बसले असेल. उरुळीनंतर पाऊस आला आणि विचार थांबला. माझ्या पुढे एक सत्तरीची बाई डोक्यावर तुळस घेऊन माझ्या दीडपट वेगाने चालत होती. तिच्या पोटऱ्या काटकुळ्या होत्या, आईच्या आहेत तशाच. यवतला पिठले-भाकरीचे जेवण होते. मी चार भाकरी खाल्ल्या, आणि त्या कुठे चालल्या आहेत हे मला, निदान वाचून तरी, ठाऊक होते.

रात्री उशिरा दौंडला घरी पोचलो. आई जागी होती. तिने काही न विचारता तेलाची वाटी गरम करून आणली आणि मी नको-नको म्हणत असताना माझे पाय मांडीवर ओढून घेतले.

‘‘दगड झाल्यात पोटऱ्या,’’ ती म्हणाली. तिचे घट्टे अजून लागतात. थोड्या वेळाने, चोळता चोळता, खाली मान घालून तिने विचारले, ‘‘डॉक्टर काय म्हनत्यात आता, काळजाचं?’’

‘‘दिवाळीनंतर पुन्हा सोनोग्राफी करू म्हणालेत.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली, आणि दुसरा पाय ओढला. ‘‘उद्या साडेपाचलाच उठवते मग.’’